मोतीबिंदू, काचबिंदू आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम : नेत्रवैद्यकाच्या भाषेची समीक्षा

नेत्रवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी महाराष्ट्रात जी चर्चा होते ती प्रामुख्याने दोन गोष्टींभोवती फिरते. एक म्हणजे जागांची संख्या आणि दुसरी म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची मिळणारी संधी. २०२३ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांनी जे आंदोलन केले, त्यातही इतर तक्रारींबरोबर शस्त्रक्रियेची पुरेशी संधी मिळत नाही ही तक्रार अग्रभागी होती. ही चर्चा आवश्यकच आहे. ज्याचा हात तयार झालेला नाही तो नेत्रशल्यविशारद म्हणवून घेऊ शकत नाही. परंतु हाताच्या या चर्चेत कानाचा विचार मागे पडला आहे. रुग्ण काय बोलतो, कोणत्या शब्दांत बोलतो आणि त्याला सांगितलेले त्याच्यापर्यंत कोणत्या अर्थाने पोहोचते, हा प्रश्न पदव्युत्तर अभ्यासक्रमात सौजन्याचा प्रश्न मानला जातो. वस्तुतः तो निदानाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या अंगाने अभ्यासक्रमाचे परीक्षण केले आहे आणि त्यासाठी वसई तालुक्यातील नंदाखाल परिसराची भाषिक परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवली आहे.

नंदाखाल हे विरार-आगाशीच्या पट्ट्यातील वाड्यांचे गाव. केळीच्या बागा, फुले, भाजीपाला यांवर येथील पिढ्या उभ्या राहिल्या. येथील सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या घरात सामवेदी म्हणजेच कादोडी बोली बोलली जाते. शाळेत आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी असते, मुंबईच्या बाजारात हिंदी आणि गुजराती लागते, आणि रुग्णालयाच्या कागदावर इंग्रजी येते. वाडीत काम करणाऱ्या साठीतल्या स्त्रीला दिसेनासे झाले म्हणजे तिची तक्रार या चार पायऱ्या चढून केसपेपरवर पोहोचते. प्रत्येक पायरीवर तिच्यातले काही गळते. काय गळते हे पाहणे उद्बोधक आहे.

वैद्यकाची पाठ्यपुस्तके रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत नोंदवावी असा आग्रह धरतात. हा आग्रह जुना आहे आणि शहाणपणाचा आहे. प्रत्यक्षात मात्र नेत्रविभागातील बहुसंख्य नोंदींची सुरुवात 'दृष्टी कमी होणे' या अर्थाच्या एकाच इंग्रजी शब्दप्रयोगाने होते. मराठी रुग्ण मात्र असे कधी बोलत नाही. तो म्हणतो, धुरकट दिसते. तो म्हणतो, डोळ्यांपुढे माशा उडतात. दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. एका बाजूने पडदा पडल्यासारखे झाले आहे. उन्हात गेले की काही सुचत नाही, सावलीत बरे दिसते. दिवेलागणीनंतर चाचपडावे लागते. या सहा तक्रारी म्हणजे एकाच गोष्टीची सहा रूपे नव्हेत. धुरकटपणा आणि उन्हातील त्रास मोतीबिंदूकडे बोट दाखवतात. दिव्याभोवतीची रंगीत वलये डोळ्यातील दाब एकाएकी वाढून पारपटलाला सूज आल्याची सूचना असू शकतात. माशा दिसणे वयोमानाने डोळ्यातील जेलीसारख्या द्रवात होणाऱ्या बदलाचे लक्षण असते आणि बहुधा निरुपद्रवी असते. पण माशांपाठोपाठ विजा चमकल्यासारखे दिसले आणि बाजूने पडदा आला, तर दृष्टिपटल सुटत असल्याची शंका घेऊन त्याच दिवशी तपासणी व्हावी लागते. संध्याकाळचे चाचपडणे रातांधळेपणाकडे नेते. रुग्णाने निम्मे निदान बोलून दाखवलेले असते आणि अनुवादात ते सपाट होते. हा अनुवाद करणारा विद्यार्थी आळशी असतो असे नाही. अखेरच्या परीक्षेत त्याला रुग्ण इंग्रजीतच सादर करावयाचा असतो, म्हणून तो पहिल्या दिवसापासून ऐकतानाच इंग्रजीत ऐकू लागतो.

मराठीची नेत्रविषयक शब्दसंपत्ती दरिद्री असती तर हा दोष परिस्थितीवर टाकता आला असता. परंतु वडस, फूल पडणे, खुपऱ्या, रांजणवाडी, चिपडे, झापड, तिरळेपणा, डोळे येणे हे शब्द कोशकारांनी घडवलेले नाहीत. ते निरीक्षणातून आलेले आहेत. 'वडस' हा शब्द उन्हातान्हात, वाऱ्याधुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यातील पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणाऱ्या मांसल पडद्यासाठी आहे. नंदाखालचा शेतकरी आणि अर्नाळ्याचा मच्छीमार या दोघांच्याही आयुष्याशी त्याचा संबंध आहे. शहरातील इंग्रजी माध्यमातून आलेल्या मराठी निवासी डॉक्टरलाही तो ठाऊक असेल याची खात्री देता येत नाही. म्हणूनच हा प्रश्न प्रांतीय अभिमानाचा नाही. शासकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण उघड दिसते. घरच्या विद्यार्थ्याची झाकून राहते, एवढाच फरक आहे.

संज्ञांची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन शब्द मराठी माणूस जोडीने वापरतो. दोहोंत 'बिंदू' आहे. त्यामुळे काचबिंदू म्हणजे मोतीबिंदूचाच एखादा भाऊबंद, तोही काढून टाकला की पुन्हा दिसू लागेल, असा समज शब्दातूनच तयार होतो. वस्तुस्थिती उलट आहे. मोतीबिंदूत नेत्रभिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की बहुतेक वेळा दृष्टी परत येते. काचबिंदूत दृष्टीची मज्जाच झिजते. गेलेले दिसणे परत येत नाही. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने उरलेले राखता येते, इतकेच. त्याच्या सर्वसामान्य प्रकारात वेदना नसते आणि समोरचे दिसणे बराच काळ शाबूत राहते, कडेचे हळूहळू नाहीसे होते. थेंब घालून काही सुधारणा जाणवत नाही म्हणून रुग्ण थेंब बंद करतो. मोतीबिंदूच्या मापाने त्याने हा रोग मोजलेला असतो आणि ते माप त्याला भाषेने दिलेले असते.

येथे शब्दाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनी होतो आणि तेथे ७६ नेत्ररोग मोजले आहेत. तिमिर, काच, लिंगनाश या आयुर्वेदाने मानलेल्या एकाच व्याधीच्या वाढत्या अवस्था होत. म्हणजे 'काच' हा शब्द मूळचा आज ज्याला मोतीबिंदू म्हणतात त्याच्या जवळचा. आज ज्याला काचबिंदू म्हणतात त्याचे साम्य अभ्यासक बहुधा अधिमंथाशी जोडतात. युरोपातही हा घोटाळा दीर्घकाळ होता. ग्रीक शब्द निळसर-हिरवट बाहुलीचा निर्देश करणारा होता आणि मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेले नेत्रभिंगच, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०५च्या सुमारास फ्रान्समध्ये ब्रिसोने शवविच्छेदनातून पुढे आणली, तेव्हा कोठे दोन रोगांची ताटातूट होऊ लागली. शास्त्राने ती केली. मराठी बोलीने केली नाही आणि नेत्रवैद्यकाच्या शिक्षकांनी बोलीला ती करण्यास मदतही केली नाही. हा पदव्युत्तर शिक्षणातील खरा उणेपणा आहे.

'पिकणे' या क्रियापदाचेही असेच आहे. मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा, आणि तोही थंडीत, हा समज आजही ऐकू येतो. जुन्या शस्त्रक्रियापद्धतीत त्याला काही आधार होता. १९६७ साली केलमनने ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याचे तंत्र आणले आणि तो आधार संपला. फार पिकलेले, कठीण झालेले भिंग फोडण्यास उलट अधिक ऊर्जा लागते, आणि तसेच राहू दिले तर डोळ्याचा दाब वाढण्याचा धोका असतो. पण केळीचा घड कधी उतरवायचा हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कळते, त्या माणसाला 'पिकणे' हा शब्द उच्चारताच थांबणे हाच शहाणपणा वाटणार. अशा वेळी तो समज चुकीचा आहे असे सांगून भागत नाही. घड झाडावरच फार राहिला तर काय होते, हे त्याच्याच अनुभवातून पुढे नेणारा डॉक्टर हवा. हे कौशल्य शिकवता येते. मात्र ते कोणत्याही विषयपत्रिकेत सापडत नाही.

पारिभाषिक शब्दांनी हा पेच सोडवला का? तेथे वेगळीच अडचण आहे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला शालेय पाठ्यपुस्तक पारपटल म्हणते, विश्वकोशाच्या परंपरेत तो स्वच्छमंडल होतो आणि वृत्तपत्रे बुबुळाचे प्रत्यारोपण झाले असे लिहितात. सामान्य माणसाचे 'बुबुळ' कधी डोळ्याचा काळा भाग असते, तर कधी बाहुली. मृत्यूनंतर प्रत्यारोपणासाठी त्या पातळ पारदर्शक पटलाचाच उपयोग होतो हे नेत्रदानाच्या प्रचारात समजावून सांगावयाचे, तर त्या पटलाला सर्वांना कळणारे एक नाव हवे. ते तिन्हींपैकी एकही नाही. याउलट दृष्टिपटलासाठी रुग्ण आणि डॉक्टर दोघेही 'पडदा' म्हणतात आणि 'पडदा सरकला' म्हटले की गांभीर्य लगेच कळते. हा शब्द कोणत्याही समितीने ठरवलेला नाही. दवाखान्यात घडलेली भाषा कोशातल्या भाषेपेक्षा सरस ठरू शकते याचा हा चांगला नमुना आहे. ('दूरदृष्टिता' हा पाठ्यपुस्तकात दोष आहे आणि व्यवहारात 'दूरदृष्टी' हा गुण, परिभाषाकारांच्या लक्षात ही गंमत आली नसावी.)

दृष्टिविज्ञान या जोडशास्त्राची स्थितीही तपासण्याजोगी आहे. स्नेलेनने १८६२ साली जो अक्षरतक्ता मांडला त्याचे गणित काटेकोर आहे. अक्षर ५ × ५ चौकटीत बसते, त्याची प्रत्येक रेघ चौकटीच्या एक पंचमांश जाडीची असते, आणि ६/६ ओळीतील अक्षर ६ मीटरवरून डोळ्याशी ५ कलांचा कोन करते. रोमन ठळक अक्षरे या चौकटीत बरीचशी बसतात. देवनागरी अक्षरांच्या बाबतीत चौकटीचा एक भाग शिरोरेषाच घेते. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला फरक शिरोरेषेतील लहानशा खंडावर आणि एखाद्या गाठीवर अवलंबून असतो, तर 'ग' किंवा 'र' हे नुसत्या आकाराच्या अंदाजाने ओळखता येतात. म्हणजे एकाच ओळीतील अक्षरे सारखी कठीण नसतात. एकाच रुग्णाची दृष्टी कोणता तक्ता लावला आहे यावर बदलू शकते. हा पदव्युत्तर प्रबंधासाठी उत्तम विषय आहे, आणि त्याला खर्चही फार नाही.

दृष्टीच्या गुणवत्तेच्या प्रश्नावल्यांबाबतही हेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेची २५ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत मोटार चालवणे, वर्तमानपत्र वाचणे, कपडे जुळवून निवडणे, नाटक-सिनेमाला जाणे यांविषयी विचारले जाते. प्रश्नावली त्या समाजासाठी योग्यच आहे. तिचा नुसता शब्दशः अनुवाद करून नंदाखालच्या स्त्रीपुढे ठेवला तर तिची अडचण नोंदवली जाणार नाही. फुलांच्या कळ्या पहाटेच्या अंधुक उजेडात खुडता येतात का, गजऱ्याचा दोरा ओवता येतो का, वाडीच्या बांधावरून पाय न घसरता जाता येते का, मिस्सेच्या वेळी पुस्तकातील अक्षरे दिसतात का, असे प्रश्न तिला विचारावे लागतील.

याच नंदाखालने मराठीला असा एक अनुवादक दिला आहे, ज्याचे काम या संदर्भात आठवणे अप्रस्तुत होणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म येथला. 'सुवार्ता' मासिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले. 'सुबोध बायबल'साठी त्यांना २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४मध्ये त्यांचे निधन झाले. बायबलचे मराठी अनुवाद त्यांच्या आधीही होते. मजकूर मराठीत असणे आणि तो मराठी माणसाला कळणे यांत अंतर आहे, ही जाणीव 'सुबोध' या विशेषणात आहे. वैद्यकीय संमतिपत्रांना ही जाणीव अद्याप शिवलेली नाही. ती मराठीत असतात, पण त्यांचा सांगाडा इंग्रजीचा असतो. संभाव्य गुंतागुंतींची पूर्ण कल्पना देण्यात आल्याचे वाक्य असते, कल्पना मात्र नसते. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्याच्या २००८च्या निकालात संमतीपूर्वी रुग्णाला पुरेशी माहिती मिळाली पाहिजे असे स्पष्ट केले आहे. न समजलेल्या भाषेतली माहिती पुरेशी कशी ठरावी?

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जाईल. निवासी डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात वर्षभरात भाषा आपोआप शिकतो, त्यासाठी अभ्यासक्रमात जागा कशाला, असे म्हटले जाईल. आक्षेपात तथ्य आहे. 'पडदा' असाच शिकला गेला. पण आपोआप शिकलेली भाषा बहुधा आज्ञार्थक असते : वर बघा, खाली बघा, हनुवटी टेकवा, डोळा मिटू नका. तपासणीला ती पुरते. काचबिंदूच्या रुग्णाला जन्मभर थेंब का घालायचे हे पटवण्यास ती पुरत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हे आढळले. इतका भार असताना बोलत कोण बसणार? परंतु याच सर्वेक्षणात उपचार न झालेल्या मोतीबिंदूचा वाटा एवढा मोठा आढळतो, यामागे रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत वेळेवर न पोहोचणे हेही एक कारण आहे. आणि तो न पोहोचण्यात 'पिकू दे, थंडी येऊ दे' याचाही हात आहे.

अभ्यासक्रमाच्या चौकटीत यासाठी जागा नाही असेही नाही. एम. बी. बी. एस.च्या २०१९च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. पदव्युत्तर विद्यार्थ्याला आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. छत्तीस महिन्यांतले हे तीन महिने बहुतेक ठिकाणी मनुष्यबळाची सोय म्हणून पाहिले जातात. त्या काळात विद्यार्थ्याने शंभर रुग्णांच्या तक्रारी देवनागरीत, जशाच्या तशा, बोलीतील शब्दांसह उतरवाव्यात आणि प्रत्येकीपुढे अंतिम निदान लिहावे, एवढे जरी विद्यापीठाने बंधनकारक केले, तरी पाच वर्षांत पालघरपासून गडचिरोलीपर्यंतचा एक नेत्रविषयक शब्दसंग्रह हाती येईल, आणि तो घडवण्यासाठी भाषाविभाग व वैद्यकीय विभाग यांना प्रथमच एका टेबलाशी बसावे लागेल. अंतिम परीक्षेत दोन रुग्णांपैकी एकाला परीक्षकांसमोर मराठीत निदान समजावून सांगणे आणि नंतर रुग्णालाच 'तुम्हांला काय कळले?' असे विचारणे, हा बदल तर आजही करता येण्याजोगा आहे. त्यासाठी नव्या यंत्राची गरज नाही. परीक्षकांपैकी एकाला वडस म्हणजे काय हे माहीत असले म्हणजे पुरे.