मोटारसायकल कोणी घडवली?

हिप्पी बंडाचा चित्रपट म्हणून 'ईझी रायडर' (१९६९) गौरवला गेला. २०१० साली क्रायटेरियनच्या ब्लू-रे संचात तो आला. घरी चित्र थांबवता येते. थांबवावे ते लुईझियानात: रस्त्याकडेची काळ्यांची खोपटी, तिथली माणसे. त्यांना संवाद नाही. काळ्या जिमी हेंड्रिक्सचे गाणे तेवढे चालते! समाज झिडकारणे त्यालाच साधते, ज्याला समाजाने आधी पंगतीला बसवलेले असते. दोघा गोऱ्या नायकांचे मरण चटका लावते, हे नाकारत नाही. पण त्यांच्या स्वातंत्र्याचे चिन्ह ठरलेल्या मोटारसायकलींमागे क्लिफर्ड व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीयांचे हात होते. मूळ श्रेयनामावलीत त्यांची नावे नाहीत.