एकाकी विद्यार्थ्याचें पुस्तक

पिंपरी-चिंचवड व चाकण या टापूंत रात्रपाळी संपवून घरीं आलेला कामगार जेव्हां पदवीचें पुस्तक उघडतो, तेव्हां त्याच्यासमोर वर्ग नसतो, गुरुजी नसतात, शेजारीं सहाध्यायीहि नसतो. असतें तें पुस्तक, आणि अलीकडे मोबाईलच्या पडद्यावरील व्याख्यान. अशा पुस्तकांकडे आमच्या टीकाकारांचें लक्ष सहसा जात नाहीं. परंतु ज्या ग्रंथास शिक्षकाची जागा भरून काढावयाची आहे, त्याच्या रचनेचा विचार वाङ्मयविचाराच्या बाहेरचा कसा मानावा?

श्रमिकांच्या शिक्षणाचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. १८५५ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत कष्टकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढली. तेथें शिकविणारा समोर बसलेला असे. १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' या ब्रीदानुसार पुस्तकच विद्यार्थ्याच्या दारीं गेलें. अभ्यासकेंद्रांवर संपर्कसत्रें होतात खरीं. पण आठवड्यागणिक बदलणाऱ्या पाळ्यांत तीं ज्याला साधत नाहींत, त्याचा सारा भार पुस्तकावरच पडतो.

दूरशिक्षणाच्या या पुस्तकांची मांडणी बहुधा ठरीव असते : आरंभीं उद्दिष्टें, मग विवेचन, मधूनमधून प्रश्न, शेवटीं सारांश व स्वाध्याय. तींत विद्यार्थ्याविषयीं आस्था आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. दोष आहे तो प्रश्नांच्या जातींत. पुष्कळ प्रश्न मागील पानावरचें वाक्यच परत मागतात, आणि उत्तरेंहि पुष्कळदां त्याच पुस्तकांत छापलेलीं असतात. थकलेला हात मग लेखणीकडे न जातां पानेंच उलटतो. सारांश वाचून विषय समजल्याचा भास होतो. परीक्षेच्या दिवशीं तो टिकत नाहीं. केवळ पुनःपुन्हां वाचण्यापेक्षां पुस्तक मिटून आठवून लिहिलेलें अधिक दिवस स्मरतें, हें २००६ सालीं रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसून आलें. झोप मोडून केलेल्या पाठांतराचीहि तीच गत; स्मरण दृढ होण्यास निद्रा लागते.

म्हणून आम्हांस वाटतें, प्रत्येक प्रकरण एका लहान बैठकींत संपेल अशा भागांत असावें, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जगांतला एक प्रश्न असावा. 'तुम्ही चालवितां त्या यंत्राचें काम, तें कधीं न पाहिलेल्या माणसास कळेल असें दहा ओळींत लिहा' — या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि पुस्तकाच्या शेवटीं सांपडणार नाहीं. तें लिहितांना विद्यार्थ्यास आपण जाणतों काय व सांगूं शकतों काय, यांतील अंतर कळेल.

मात्र असें लिहिलेलें कोणीतरी वाचावें लागतें. पडद्यावरील व्याख्याता बोलतो, पण विद्यार्थ्याची वही त्याच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. एकटेपण खरें जाणवतें तें तेथें. विद्यापीठांनीं स्वाध्यायावर नुसते गुण न देतां दोन ओळींचा अभिप्राय लिहून परत पाठवावा. तोंवर आमच्या सुशिक्षित वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वा शेजारीं असा विद्यार्थी असेल, त्यांनीं आठवड्यांतून एकदां त्याची वही मागून घ्यावी, व जेथें अर्थ लागत नाहीं तेथें पेन्सिलीनें खूण करून ती परत द्यावी.