विसरलेल्या दोन रकाती

बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचन-कृतींच्या नोंदींच्या, दोन संग्रहांत एक छोटा प्रसंग आहे. सांगणारे अबू हुरैरा. मदिनेची मशीद, वेळ जोहरची म्हणजे दुपारची, किंवा असरची म्हणजे दुपार कलल्यानंतरची. पैगंबरांनी चारऐवजी दोनच रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तनं, पढवल्या आणि सलाम फेरून नमाज संपवली. मग ते मशिदीतल्या एका लाकडाला टेकून उभे राहिले. बोटं बोटांत गुंफलेली, उजवा गाल डाव्या हाताच्या पाठीवर, चेहरा रागावल्यासारखा. राग कशाचा, हे निवेदक सांगत नाही. काहीतरी अपुरं राहिल्याचं मनाच्या आधी देहाला कळलं असावं, असं मी त्या गुंफलेल्या बोटांवरून वाचतो. इतका बारीक तपशील पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला, याचंच मला अप्रूप वाटतं.

घाईतली माणसं तोवर, नमाज कमी झाली असं बोलत बाहेरही पडली.

जमातीत, म्हणजे मागे नमाज पढणाऱ्यांत, पैगंबरांचे निकटचे सोबती अबू बकर आणि उमर आहेत, पण त्यांची जीभ रेटत नाही. बोलतो तो लांब हातांचा एक माणूस. त्या हातांवरूनच लोक त्याला जुल-यदैन म्हणत. त्याच्या प्रश्नाची घडण पाहावी. आपल्याला विसर पडला, की नमाजच कमी करण्यात आली, एवढंच तो विचारतो. वही, म्हणजे ईश्वरी संदेश, उतरण्याचा तो काळ, नियम खरंच बदललाही असेल. चूक दाखवताना समोरच्याला अशी मोकळी वाट ठेवणं ही अदब आहे, आणि थोरामोठ्यांच्या देखत तोंड उघडणं हे धाडस. पैगंबर म्हणतात, दोन्ही नाही. गोष्ट इथेच मिटू शकली असती. पण ते उरलेल्यांकडे वळून विचारतात, हा म्हणतो ते खरं का? लोक होकार देतात. मग सबब नाही, सारवासारव नाही. ते पुढे होतात, राहिलेल्या दोन रकाती पढवतात आणि शेवटी जमिनीवर कपाळ टेकवून दोन सजदे करतात, नेहमीइतकेच किंवा त्याहून लांब. आधीच्या दोन रकाती वाया जात नाहीत. त्यांनाच पुढचं जोडलं जातं. या कथेचं सगळं सौंदर्य मला या जोडण्यात दिसतं.

नांदेड-लातूरकडचे बहुतेक मुसलमान हनफी फिकह, म्हणजे हनफी धर्मशास्त्र, मानणारे. त्यांच्या मते नमाजेत बोलणं चालत असे त्या काळातली ही घटना; आता असं बोललं तर नमाज तुटते. म्हणून इमाम चुकला की मागून पुरुष 'सुब्हानअल्लाह' म्हणतात. वाजिब, म्हणजे फर्जाहून एक पायरी खालचं आवश्यक कृत्य, राहून गेलं असेल तर शेवटच्या बैठकीत अत्तहियात ही प्रार्थना पढून उजवीकडे सलाम, दोन सजदे, पुन्हा अत्तहियात, दरूद आणि मग अखेरचा सलाम. हाच सजदा-ए-सहव, विसराचा सजदा. फर्जच सुटलं तर मात्र हे पुरत नाही, नमाज नव्याने पढावी लागते.

रमजानमध्ये तरावीहला, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजेला, हे चूक सुधारणं जवळून दिसतं. नांदेडच्या देगलूर नाक्याची मशीद घ्या किंवा लातूरच्या गंजगोलाईतली दुकानं आवरून माणसं जिथे धावत येतात ती. हाफिज तोंडपाठ कुरआन पढत असतो आणि त्याच्या मागेच सामे, म्हणजे ऐकणारा दुसरा हाफिज, उभा असतो. पढताना आयत निसटली की सामे लुकमा देतो, निसटलेले शब्द मागून पढतो. हाफिज क्षणभर थांबतो, मागे जातो, ते शब्द उचलतो आणि पुढे निघतो. सामे कधी वयाने लहान असतो. तरी हाफिजला त्यात कमीपणा वाटत नाही. कुणाच्याच लक्षात न आलेली आयत दुसऱ्या दिवशी पढून घेतात, म्हणजे खतम, कुरआनचं संपूर्ण पठण, अपुरा राहत नाही.

घाईने बाहेर पडलेल्या त्या माणसांचं पुढे काय झालं, ते हदीस सांगत नाही. हनफी फिकहने मात्र त्यांच्यासारख्या, अपुरी नमाज घेऊन निघून गेलेल्यांची काळजी घेतली आहे. वुजू, म्हणजे नमाजेआधीची हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी, नव्हता, असं इमामाला नमाज पढवून झाल्यावर आठवलं, तर त्याने आपली नमाज दुरुस्त करून भागत नाही. मागे उभे असलेल्यांना शक्य तितकं कळवावं लागतं. म्हणून पुढच्या नमाजेला तो उभा राहून सांगतो: काल रात्रीच्या इशाला जे होते, त्यांनी ती नमाज पुन्हा पढावी.