‘ढील दे’ की ‘ढील द्या’?

खालिद हुसैनींच्या ‘द काइट रनर’मध्ये (२००३) हसन आपल्याच वयाच्या, एकाच आवारात वाढलेल्या सवंगड्याला ‘अमीर आगा’ म्हणतो. अमीर त्याला नुसते हसन म्हणतो. इंग्रजीत ‘आगा’ तसाच ठेवून पुढे जाता येते. मराठीत तसे सुटता येत नाही. ‘अमीरसाहेब’ म्हटले की कचेरीचा वास येतो. ‘धाकटे मालक’ म्हटले की काबूलच्या वझीर अकबर खान वस्तीतल्या घराचा वाडा होतो आणि हजारा जमातीचा हसन आपल्याकडचा गडी. मी ‘आगा’च ठेवीन, पण त्यापुढचे क्रियापद? पतंग उडवताना हसन ‘ढील दे’ म्हणेल की ‘ढील द्या’? इंग्रजीतल्या ‘यू’ला हा पेच पडत नाही, त्यामुळे इंग्रजी वाचकाला कितीतरी पाने ही सरळ दोस्ती वाटू शकते. माझ्या मते ‘ढील द्या’च हवे. वाचायला खटकेल, आणि ते खटकायलाच हवे.

कादंबरीतले एक साल माझ्या मनात दुसऱ्या एका कलाकृतीशी जोडले गेले आहे. जुलै १९७३मध्ये दाऊद खानांनी काबूलची राजेशाही उलथवली. त्या रात्रीचा गोळीबार ही मुले घरात बसून ऐकतात. दोनच महिन्यांनी, ११ सप्टेंबरला, चिलीत लष्कराने आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार पाडले. आंद्रेस वूड यांचा ‘माचुका’ (२००४) हा चित्रपट त्या सांतियागोतला. तिथल्या एका इंग्रजी शाळेत फादर मॅकेन्रो जवळच्या झोपडवस्तीतली मुले आणून बसवतात आणि गोन्झालो इन्फांते व पेद्रो माचुका यांची गट्टी जमते. वूड स्वतः अशाच एका शाळेत शिकले होते. फादरचे पात्र तिथल्या गेरार्दो व्हीलन या धर्मगुरूंवरून घेतले आहे.

दोन्ही कथा सुखवस्तू मुलाच्या बाजूने सांगितल्या आहेत. आठवणी लिहायला, चित्रपट काढायला जो उरतो तो बहुधा तोच, त्यामुळे याची तक्रार करण्यात अर्थ नाही. सांगणारा स्वतःला शेवटी किती सूट देतो, हे मात्र पाहावे लागते.

हुसैनींचा पूर्वार्ध निर्दय आहे. १९७५च्या हिवाळ्यात गल्लीत हसनवर अत्याचार होत असताना अमीर लपून उभा राहतो आणि नंतर त्याच्या गादीखाली घड्याळ नि पैसे ठेवून त्याला चोर ठरवतो. हा विश्वासघात रशियन रणगाडे येण्याच्या कितीतरी आधीचा. त्याला कुठल्याच उलथापालथीची गरज लागलेली नाही. पण उत्तरार्धात कळते की हसन हा अमीरच्या वडिलांचाच मुलगा. इथे कादंबरी माझ्या हातून निसटते. तो मित्र होता की नोकर, या प्रश्नाला ‘भाऊ होता’ हे उत्तर मिळते आणि प्रश्नच बाद होतो. नोकराच्या मुलाचे ऋण फेडायला रक्ताचे नाते का लागावे? मग अमीर तालिबानच्या काबूलमध्ये जातो, मार खातो, हसनच्या मुलाला सोडवून आणतो. हसन तोवर मारला गेलेला असतो. ज्याची क्षमा मागायची त्याच्या गैरहजेरीत हिशेब पुरा होतो.

‘माचुका’ ही सोय देत नाही. आडनावांपासूनच पाहा. स्पेनमध्ये गादीचा वारस नसलेल्या राजपुत्राला ‘इन्फांते’ म्हणतात. ‘माचुकार’ म्हणजे ठेचणे, चेचणे. उपशीर्षकांत हे येऊच शकत नाही. नाव माचुकाचे, नजर मात्र इन्फांतेची. चित्रपटाने ही विसंगती लपवलेली नाही. दोघे पेद्रोच्या ओळखीतल्या सिल्वानाबरोबर मोर्च्यांत झेंडे विकतात, डाव्यांच्या आणि उजव्यांच्याही. गोन्झालोसाठी ती मौज आहे, त्या दोघांसाठी संध्याकाळचे पैसे. पालकसभेत श्रीमंत आया-बाप फादरवर तुटून पडतात, तेव्हा पेद्रोची आई उठते आणि शेतमालकाकडचे बालपण सांगते: जनावर मेले की दोष कायम तिच्या बापाचा. आवाज न चढवता ती विचारते, हे बदलणार कधी? दारुडा बाप तर पेद्रोला भविष्यच वाचून दाखवतो. काही वर्षांनी हा तुझा मित्र विद्यापीठात असेल, मग बापाच्या कंपनीत, मग कंपनीचा मालक. तू संडास धूत असशील आणि त्याला तुझे नावही आठवणार नाही. हे बोलणारा माणूस लाचार आहे, बायकोचे पैसे उचलणारा आहे. म्हणून ते उपदेश वाटत नाही, शिवीसारखे लागते.

मग सैनिक वस्तीत शिरतात. बापाला वाचवायला धावलेली सिल्वाना गोळी लागून पडते. गोन्झालो तिथेच आहे. एक सैनिक त्यालाही धरतो. तो म्हणतो, माझ्याकडे बघा. गोरा चेहरा, कपडे, पायातले बूट. सैनिक बघतो आणि त्याला जाऊ देतो. गोन्झालोने चुगली केलेली नाही, खोटे बोललेला नाही. तो इथला नाही, हे खरेच आहे, आणि पेद्रो ते पाहतो आहे. अमीरने घड्याळ ठेवले, म्हणून ते कधीतरी कबूल तरी करता येते. बुटांची कबुली कशी द्यायची?

गोन्झालो सायकलवरून घरी जातो. पेद्रोचे पुढे काय झाले, ते चित्रपट सांगत नाही.