भगवी अक्षरे, पांढरा पडदा

कुर्ला स्थानकात गाडी शिरू लागली की डोळ्यांत भरते ती पिवळी पाटी आणि तिच्यावरची काळी अक्षरे. मुख्य मार्ग आणि हार्बर मार्ग इथे भेटतात, रेटारेटी चाललेली असते, गाडी पुरती थांबलेली नसते, तरीही दाराशी उभा असलेला माणूस मान किंचित वळवतो आणि म्हणतो, "कुर्ला आलं." ही पाटी सुंदर आहे असे कुणी म्हटलेले मी ऐकलेले नाही. मला मात्र ती अलीकडे फार सुंदर वाटू लागली आहे.

त्याचे निमित्त घरगुती आहे. नेहरूनगरातल्या आमच्या शेजारच्या काकू दिवाळीचा फराळ करून विकतात. यंदा त्यांच्या भाच्याने त्यांना एक संकेतस्थळ करून दिले. मुलगा हौशी; घरात जपलेल्या जुन्या दिवाळी अंकांवर, विशेषतः दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर, त्याची नजर घडलेली. त्याने पांढऱ्या पडद्यावर भगवी अक्षरे लिहिली, भाव हळदीच्या रंगात दिले, आणि मागणी पोचली तर हिरवा ठिपका, न पोचली तर लाल, अशी योजना केली. दिसायला सारे मोठे प्रसन्न. मीही दोन चकल्या खाऊन "वा!" म्हणून गेलो. (टीकाकाराला आधी खाऊ घालू नये.) काकूंच्या जाऊबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि विचारले, "अरे, इथे काही लिहिलंय का?"

या एका प्रश्नात जी टीका होती ती माझ्या 'वा'मध्ये नव्हती. मी घरी येऊन हिशेब मांडला. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजण्याची एक सर्वमान्य रीत आहे. काळे-पांढरे ही जोडी घेतली तर ते गुणोत्तर २१ येते; दोन्ही रंग सारखे असले तर १. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ साली जे निकष प्रसिद्ध केले त्यांत साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ हवे असे म्हटले आहे. आपल्या भाच्याचा भगवा पांढऱ्यावर २.१ भरला. हळदीचे तर विचारूच नका. निर्भेळ पिवळा पांढऱ्यावर जेमतेम १.०७ भरतो, म्हणजे भाव लिहिलेलेच नव्हते म्हणा ना! तोच पिवळा काळ्या अक्षरांखाली घातला की १९ च्या वर जातो. कुर्ल्याच्या पाटीचे सौंदर्य कशात आहे ते तेव्हा कळले.

देवनागरीला हा प्रश्न अधिकच जाचतो. आपल्या लिपीत पुष्कळसा अर्थ शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी, बारीकशा खुणांत राहतो. फिक्या रंगात एक उकार विरला की 'तुपातले' लाडू 'तपातले' होतात.

भाच्याचे म्हणणे असे की दलाल असे भीत बसले नाहीत. खरे आहे. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' सुरू केला तेव्हापासून त्या अंकाचे मुखपृष्ठ विक्रेत्याच्या फळीवर दुरूनच माणसाला थांबवीत असे. पण मुखपृष्ठ उघडले की आत काय असे? पांढऱ्या कागदावर काळी शाई. रंगाने बोलवायचे आणि काळ्या अक्षराने बोलायचे, ही वाटणी होती. या मुलाने मुखपृष्ठच आतल्या पानावर पसरले. पडद्याला पान उलटण्याची सोय नसल्यामुळे दोन्ही कामे एकाच जागी आली आणि त्याला ती वेगळी ओळखता आली नाहीत. शिवाय कागद बाहेरचा उजेड परतवतो, पडदा स्वतःच दिवा असतो. कुंचल्याने तांबडा आणि हिरवा मिसळला तर मळकट तपकिरी मिळतो. पडद्यावर तेच दोन उजेड एकत्र आले की पिवळा उमटतो. चित्रकाराच्या हाताची सवय इथे थोडी फसते.

लाल-हिरव्या ठिपक्यांबद्दल मात्र माझा आक्षेप गंभीर आहे. हे दोन रंग परस्परांपासून ओळखू न येणारी माणसे आपल्यात वावरत असतात, स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक, आणि पुष्कळांना ते स्वतःला ठाऊकही नसते. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर हॉल्मग्रेन या शास्त्रज्ञाने रेल्वेच्या नोकरांची रंगदृष्टी तपासलीच पाहिजे असा आग्रह धरला. पुढे १९१७ साली इशिहारांच्या ठिपक्यांच्या तक्त्या आल्या. रेल्वे आपला माणूस निवडून घेऊ शकते. फराळाचे गिऱ्हाईक कसे निवडणार? पैसे गेले की राहिले हे एखाद्या आजोबांना केवळ ठिपक्याच्या रंगावरून ओळखायला लावणे हा अन्याय आहे. त्याच्या शेजारी 'मागणी पोचली' एवढे दोन शब्द लिहायला जागा लागते ती किती?

मुलगा आधी रुसला. भगवा काढला तर दिवाळी उरेल कुठे, असे त्याने विचारले, आणि हा प्रश्न अगदीच पोरकट नव्हता. सरसकट काळे-पांढरे करून टाकले असते तर ते पान एखाद्या नोटिशीसारखे दिसले असते. शेवटी भगवा राहिला, पण अक्षरांतून उठून त्यांच्यामागे गेला: वर एक रुंद भगवी पट्टी, तिच्यावर काळ्या अक्षरांत काकूंचे नाव. ही जोडी जवळजवळ १० भरते. भाव गडद मरून रंगात आले. पांढऱ्यावर ते ११ च्या आसपास जातात. ठिपक्यांना शब्द मिळाले. हळद चित्रातल्या शेवेपुरती उरली.

जाऊबाईंनी फोन पुन्हा हातात घेतला. या वेळी लांब धरावा लागला नाही. पहिल्या ओळीपासून सगळे वाचून त्या म्हणाल्या, "अनारसे एवढे महाग?"