विमुक्तांची आत्मकथने आणि शाळेचे भय

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे आज एका वस्तीचे नाव आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली, तारेच्या कुंपणात, हजेरीच्या शिस्तीने माणसे जेथे ठेवली जात, त्या वसाहतीची ती खूण होय. तिचा विचार करताना कुंपण व हजेरी यांचा उल्लेख नेहमी होतो; मुलांविषयीच्या तरतुदीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

१९२४ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने ६ वर्षांवरील व १८ वर्षांखालील मुलांना आईबापांपासून वेगळे करून औद्योगिक, शेतकी अथवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. मुलाने अपराध केलेला असावा, अशी अट त्यात नव्हती. अधिसूचित जमातीतील जन्म पुरेसा होता. ऑस्ट्रेलियातही त्याच काळात आदिवासी मुले ‘संरक्षणा’च्या नावाखाली घरातून नेली जात होती. तेथे १९९७ साली चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. परंतु या कलमाचा हिशेब कोणी मांडला नाही.

तो मांडण्याचे काम काही अंशी वाङ्मयावर येते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) मुलगा शाळेत जाऊ लागतो तेव्हा जमातीला ते अशुभ वाटते, मुले आजारी पडतात त्याचा दोष त्याच्या शिक्षणावर येतो. या प्रसंगाला अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ज्या समाजांच्या बाबतीत शाळा हीच मुलाला घरापासून तोडण्याचे कायदेशीर साधन होती, त्यांचे शाळेविषयीचे भय केवळ अज्ञान कसे मानावे? गायकवाडांचा परिसर निजामी राज्यातला. तेव्हा मुंबई इलाख्यातील वसाहतींशी त्याचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे योग्य होणार नाही. तथापि त्या भयाला इतिहास असू शकतो, ही शक्यता समीक्षेने नाकारता कामा नये.

या आत्मकथनांची चर्चा बहुधा बोलीची नवलाई व अनुभवाची दाहकता यांपाशी थांबते. ‘सुधारणा’ हा शब्द शासनाच्या कागदात एक अर्थ वाहतो आणि ज्या आईचे मूल नेले जाते तिच्या कानी दुसरा; हे अंतर मोजणे हेही समीक्षेचेच काम आहे. सोलापूरच्या अभ्यासकाला त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.