हमीदचा चिमटा

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा १९३३ सालची. आपल्यापैकी कोणी ती उर्दूतून वाचली, कोणी हिंदीतून, कोणी घरात मोठ्यांच्या तोंडून ऐकली. आईबाप गमावलेला चार-पाच वर्षांचा हमीद तीन पैसे घेऊन ईदच्या मेळ्याला जातो. सोबती मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हा मात्र पोळ्या भाजताना दादीची बोटे भाजतात, हे आठवून लोखंडी चिमटा घेऊन येतो. कथा संपते तेव्हा आमचे डोळे आजही ओलावतात.

असे असले तरी या कथेच्या रूढ वाचनावर आमचा आक्षेप आहे. आपण हमीदची तारीफ करतो ती तो समजूतदार आहे म्हणून. त्याने मन मारले, खेळणे नाकारले, दादीचा विचार केला. वर्गात प्रश्न विचारले जातात तेही हेच : हमीदच्या स्वभावातून आपण काय शिकतो? त्याग शिकतो! आमच्या मते हे वाचन अर्धे आहे, आणि या अर्ध्या वाचनाची किंमत आपली मुले मोजत आहेत.

चिमटा विकत घेतल्यावर हमीद काय करतो, ते पाहा. तो चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकतो आणि ऐटीत सोबत्यांकडे येतो. मग वाद रंगतो. चिमटा खांद्यावर बंदूक होतो, हातात घेतला की फकिराचा चिमटा होतो, वाजवला की मंजिरा होतो आणि शेवटी रुस्तम होऊन मातीच्या शिपायालाही हरवतो. महमूद, मोहसीन, नूरे आपापली खेळणी त्याच्या हाती देतात आणि पाळीपाळीने चिमटा हातात धरून बघतात. म्हणजे हमीदने खेळणे नाकारले नाही. त्याने शब्दांच्या बळावर एका लोखंडाचे खेळणे केले. घरी दादीसमोर तो म्हाताऱ्यासारखा वागतो खरा, पण वाटेत तो पुरेपूर चार-पाच वर्षांचा आहे. प्रेमचंदांनी दोन्ही दाखवले. आपण एकच पाहिले.

योगायोग असा की त्याच १९३३ साली लेनिनग्राडमध्ये लेव वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिले. मूल काठीवर बसून तिला घोडा म्हणते तेव्हा ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून पहिल्यांदा सुटा होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. साधी वाटणारी ही गोष्ट फार मोठी आहे. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते, हे ज्याला काठीच्या घोड्यातून कळले, त्याला कागदावरची ‘क’ ही आकृती एका आवाजाच्या जागी उभी आहे, हे पुढे कळते. खेळ ही शिक्षणाआधीची सुट्टी नव्हे. अक्षराकडे जाणारी वाट त्याच अंगणातून जाते.

जिनिव्हाच्या ज्याँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून वाढीचे टप्पे मांडले. साधारण दोन ते सात वर्षे हा त्यांनी अशा ‘समजा’च्या खेळाचा काळ मानला. हे टप्पे म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. एखादे मूल लवकर पोचते, एखादे उशिरा. तरीही एक गोष्ट टिकून आहे. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नाही. त्याचे त्या वयाचे स्वतःचे काम असते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांना कुलुपे लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. आईबाप पहाटे फडात जातात आणि कोपीवर सात-आठ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन राहते. ती पाणी भरते, चूल पेटवते, भाकरी थापते. बघणारा म्हणतो, ‘किती समजूतदार लेकरू!’ हीच ती हमीदची तारीफ. फरक इतकाच, की हमीदला चिमट्याची बंदूक करायला वाट मिळाली होती. या पोरीला तीही मिळत नाही. वाढ्याची बाहुली करायला ती बसते न बसते तोच धाकटे रडू लागते.

मोठी मुले गावी राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत, कारखान्यांवर साखरशाळाही चालल्या. त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो, आणि त्याहून लहान मूल आईबरोबर फडावरच जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पायाभूत स्तर ठरवली. कागदावर जो पाया आहे, त्यातली पहिली तीन वर्षे आपल्याकडे उसाच्या फडात जातात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत एक साधे सूत्र आचरले होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. अंगणवाडीची कल्पना तिथली. मग फडावरची कोपी हे अंगण नाही काय?

खेळाचे जे झाले, तेच भाषेचे. आपल्या घरातले मूल मराठी शाळेत जाते आणि म्हणते, ‘माझी पुस्तक’. किंवा म्हणते, ‘घर मोठा आहे’. वर्ग हसतो, वहीवर लाल रेघ पडते, आणि ‘यांची भाषाच कच्ची’ असा शेरा मिळतो. आम्हीही त्या रेघा खाल्ल्या आहेत. पण ती चूक नीट वाचून पाहा. घरच्या बोलीत किताब स्त्रीलिंगी, घर पुल्लिंगी. तिथे नपुंसकलिंग नाहीच. मुलाने घरचा नियम अगदी काटेकोरपणे मराठीला लावला आहे. मराठी घरातले मूलही तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणते. ‘बसलं’, ‘हसलं’ यांतून त्याने नियम काढलेला असतो. त्यावर आई कौतुकाने हसते. एकाच प्रकारच्या चुकीला एकीकडे कौतुक आणि दुसरीकडे शेरा, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

शिवाय आपली दखनी मराठीला परकी कधी होती? आपले ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आले. ‘मैंच’, ‘येच’ यांतला ‘च’ मराठीचाच. जे मूल ही बोली बोलत शाळेत येते, ते अर्धी वाट चालून आलेले असते. सहाव्या-सातव्या वर्षी ते सकाळी मकतबात कायद्याची अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचते, दुपारी बाराखडी डावीकडून उजवीकडे, आणि २००० पासून पहिलीतच इंग्रजीही. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणण्यावरून महाराष्ट्रात वादळ उठले. इतक्या लहान मुलावर तिसऱ्या भाषेचा भार नको, असे सांगितले गेले आणि जून अखेरीस शासनाने तो निर्णय मागे घेतला. मुद्दा रास्तच होता. पण आपले मूल हा भार कधीपासूनच वाहत आहे, हे त्या गदारोळात किती जणांना आठवले?

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. तेव्हा मराठी घरातल्या मुलाला पुढे शिकायचे तर उर्दूतून शिकावे लागे. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, हा ताप तेव्हा त्याने सोसला. म्हणजे हे दुखणे एका जमातीचे नाही. ज्याची भाषा सत्तेत नसते, त्याच्या मुलाचे ते दुखणे आहे.

आमचा शेवटचा आक्षेप आपल्याच लेखणीवर आहे. मुस्लिम मराठी कथा-कवितेत मूल येते ते साक्षीदार म्हणून. ते गरिबी पाहते, दंगल पाहते, तलाकनंतरची आई पाहते आणि प्रौढ वाक्ये बोलते. त्याची दखनी आली तरी संवादाला चव आणण्यापुरती. मराठी बालसाहित्यात आपले मूल ईदच्या पानावर टोपी घालून, शिरखुर्म्याची वाटी घेऊन उभे राहते आणि पान उलटले की नाहीसे होते. काठीला फडके बांधून गल्लीत मुहर्रमची सवारी नाचवणारी पोरे, लगोरीत भांडणारी, ‘मेरेकू नक्को’ म्हणत रुसणारी पोरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आपण तीच होतो. ती आपल्या पानांवर का नाहीत?

समजूतदारपणा वाईट नाही. तो गरजेपोटी लवकर येतो, तेव्हा त्याला सलामच करावा. पण ज्या परिस्थितीने तो लादला, तिलाही आपण त्याच सलामाने माफ करून टाकतो, तिथे आमची हरकत आहे. ‘ईदगाह’ पुन्हा वर्गात शिकवली जाईल तेव्हा गुरुजींनी एक प्रश्न बदलून पाहावा. हमीदने कशाचा त्याग केला, हे विचारू नये. त्याने चिमट्याचे काय काय केले, ते विचारावे. उत्तर द्यायला मागच्या बाकावरची, फडावरून परतलेली पोरही हात वर करील, असा आमचा भरवसा आहे.